स्लायडर नक्की कुणाला हवा असतो?

वेबसाइटच्या पहिल्या मीटिंगला "तुम्हाला काय काय हवंय?" हे विचारणं मी सोडून दिलंय. उत्तर ठरलेलं असतं. वर हलते फोटो, अध्यक्षांचं मनोगत, आणि "त्या अमक्यांच्या साइटसारखं काहीतरी".

एका संस्थेच्या प्रवेशाच्या साइटचं काम होतं. दीड तास चर्चा फक्त स्लायडरवर. फोटो तीन की पाच, किती सेकंदांनी सरकायचे. शेवटी वैतागून विचारलं, इथे फोन कोण घेतं? दुसऱ्या दिवशी त्या ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि दर फोनमागे कागदावर एक रेघ मारत गेलो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीन प्रश्नांपुढे रेघांची नुसती दाटी. शेवटची तारीख कधी? कागदपत्रं कोणती? माझा अर्ज पोचला का? पहिल्या दोन्हींची उत्तरं जुन्या साइटवर होती की! स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, तीही आडवी. मोबाइलवर मान वाकडी करून वाचायची. तिसऱ्याचं उत्तर ताई एक्सेलमध्ये शोधून सांगत होत्या.

लोकांना खरंच काय हवंय ते शोधायला मुलाखती, प्रश्नावल्या, पर्सोना (नमुन्यादाखल कल्पलेला वापरकर्ता), कार्ड सॉर्टिंग (विषयांच्या चिठ्ठ्या लोकांकडून गटांत लावून घेणं), सगळं करून पाहिलंय. कार्ड सॉर्टिंग मेनू ठरवायला झकास. प्रश्नावलीवर माझा फारसा विश्वास नाही; लोक जे करतात ते लिहीत नाहीत, जे शोभतं ते लिहितात.

"आम्ही अजाइल आहोत, रिक्वायरमेंट नंतर बघू" म्हणणाऱ्यांचा मात्र राग येतो. रिक्वायरमेंट म्हणजे साइटने काय काय करायला हवं ते; अजाइल म्हणजे थोडं थोडं बनवत, दाखवत, बदलत जायची पद्धत. तिच्या 2001 च्या जाहीरनाम्यात बदलाचं स्वागत करा म्हटलंय, आधी काही विचारूच नका असं नाही. उलट बाजूला शंभर पानी डॉक्युमेंटवर सही घेऊन निर्धास्त होणारे. विन्स्टन रॉइस या सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या ज्या 1970 च्या लेखावरून वॉटरफॉल (एक टप्पा पूर्ण संपवूनच पुढचा धरायचा) आला असं म्हणतात, त्यात रॉइसनेच ती सरळसोट पद्धत धोक्याची आहे असं लिहून ठेवलंय. तो लेख वाचतो कोण!

प्राधान्यक्रमाला मॉस्को पद्धत (प्रत्येक गोष्ट 'मस्ट', 'शुड', 'कुड' की 'वोन्ट', म्हणजे हवीच, असावी, असली तर बरी की आत्ता नको, ते ठरवायचं) बरी, पण क्लायंटच्या हातात दिली की सगळंच 'मस्ट' होतं. मी एवढंच विचारतो, "हे नसेल तर साइट सुरू करायची नाही का?" यादी निम्मी होते. तसंच "साइट फास्ट पाहिजे" ही रिक्वायरमेंट नव्हे. कुठल्या फोनवर, कसल्या नेटवर, किती सेकंदांत, हे लिहून घ्या. नाहीतर शेवटी भांडण ठरलेलं.

आणि सगळेच विसरतात तो प्रश्न: साइटवरचा मजकूर पुढे बदलणार कोण? निघताना ताईंना सहज विचारलं, तारीख पुढे ढकलली तर साइटवर कोण टाकतं?

"एक मुलगा होता. तो नोकरी सोडून गेला. पासवर्ड त्याच्याकडेच आहे."