काळं मशीन सगळं शिवतं म्हणे

"आजीचं काळं सिंगर मोडीत काढू नका. सगळं पोलादी आहे, प्लास्टिकचा कणही नाही. ताकद कारखान्यातल्या मशीनची. जीन्स, ताडपत्री, चामडं लोण्यासारखं शिवतं. जितकं जुनं तितकं दणकट. दोन थेंब तेल घाला आणि नातवंडांना द्या." हा मजकूर महिन्याभरात मला चार ठिकाणांहून आला. एक तर आमच्या रामबागेतल्या भिशीच्या ग्रुपवरून, खाली दहा-बारा नमस्कार. मी इंदूरला घरीच कॅनव्हासच्या आणि जुन्या जीन्सच्या पिशव्या शिवते. घरात एक काळं पायमशीन आहे आणि एक सेकंडहँड कारखान्याचं. काळ्या मशीनवर माझा जीव आहे, म्हणूनच त्याच्या नावावर काहीही खपवलेलं मला सहन होत नाही.

आधी ते पोलाद. मशीनचं अंग पोलादाचं नसतं, बिडाचं म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं. बीड जड असतं, कडक असतं आणि ठिसूळही असतं. टेम्पोतून उतरवताना मशीन हातातून सुटलं तर ते वाकत नाही, सरळ तडकतं. पोलाद असतं ते आतले दांडे, सुईचा दांडा आणि खालचा दोरा गुंफणारं शटल यांत. खुद्द सिंगरनेच 1950च्या दशकात आपलं नावाजलेलं 201 नंबरचं मशीन ॲल्युमिनियमच्या अंगात काढलं आणि तेही तितकंच छान शिवतं. वजनाचा फायदा एवढाच की मशीन थरथरत नाही, टेबलावर नाचत नाही. जाड कापड शिवायला वजन लागत असतं तर आमचा पाटा-वरवंटाही शिवला असता.

जाड कापडाला खरं काय लागतं, ते त्या मजकुरात कुठेच नाही. जीन्सची मोहरी घ्या. आतल्या बाजूची शिवण दोन्हीकडून दुमडून घातलेली असते, म्हणजे तिथे कापडाचे चार पदर. त्यावर मोहरी दोनदा दुमडली की तिप्पट, झाले बारा. चांगल्या डेनिमचा एक पदर पाऊण मिलिमीटरचा धरला तरी नऊ मिलिमीटर होतात. घरगुती मशीनचा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, उचलून उचलून साधारण सहा मिलिमीटर उचलला जातो. मग टेलर काय करतात? तो जोड हातोडीने ठोकून बसवतात, 16 किंवा 18 नंबरची सुई लावतात आणि चार टाके हाताने चाक फिरवून घालतात. असं केलं की काळं मशीन जीन्स शिवतं, आणि छान शिवतं. तेवढा मान त्याला द्यायलाच हवा.

पण पिशवीची गोष्ट वेगळी. कॅनव्हासचे दोन पदर, मध्ये फोम, वरून जाड पट्टा. काळ्या मशीनमध्ये कापड पुढे सरकवतात ते फक्त खालचे दाते. वरचा फूट नुसता दाबून धरतो. त्यामुळे खालचा पदर पुढे जातो, वरचा मागे रेंगाळतो आणि हातभर शिवणीच्या शेवटी वरचं कापड बोटभर उरतं. टाचण्या लावा, क्लिपा लावा, फरक थोडाच पडतो. शिवाय टाका जास्तीत जास्त चार मिलिमीटरच्या आसपास. जाड दोऱ्याचा पिशवीचा टाका पाच-सहा मिलिमीटरचाच शोभतो, बारीक टाक्यांनी रेक्झीनला तिकिटासारखी भोकं पडतात आणि ते तिथेच फाटतं. दोराही फार जाड चालत नाही. शटलभोवती त्याला फिरायला जागा अपुरी पडते, मग खाली गुंता आणि वर टाका सुटलेला. यातल्या एकाही अडचणीचा पोलादाशी संबंध नाही.

चामड्याचा दावा तर सिंगरच्याच यादीने खोटा पडतो. कंपनीने चपला-बुटांच्या दुरुस्तीसाठी 29के नावाचं वेगळं मशीन काढलं होतं. त्यात खाली दाते नसतात, वरचा फूटच माल ओढतो आणि सगळीकडे गोल फिरतो. जाड गाद्या-आसनांच्या कामासाठी 111 मालिकेतली काही मशीन अशी होती की सुई आणि फूट दोन्ही कापडाबरोबर चालतात, म्हणजे वरचा पदर मागे राहायचा प्रश्नच नाही. घरातलं मशीन चामडं लोण्यासारखं शिवत असतं तर त्यांना एवढा खटाटोप करायची काय गरज होती? पर्सचं मऊ, पातळ चामडं एखाद-दोन पदर जातं, हे खरं. पण फॉरवर्ड करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पर्स नसते, घोड्याचं खोगीर असतं.

"कारखान्याची ताकद" हा शब्दप्रयोगही फसवा. कारखान्यातली पुष्कळशी मशीन शर्टाच्या पातळ कापडासाठीच असतात, त्यांचं कौतुक वेगाचं, मिनिटाला पाच हजार टाक्यांपर्यंत. म्हणजे कारखान्याचं मशीन घ्यायचं तरी कुठल्या कापडासाठीचं, हे विचारावंच लागतं.

जितकं जुनं तितकं दणकट, यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथे लोकांचे पैसे जातात. शंभर वर्षांपूर्वीची कितीतरी घरगुती मशीन लांबट, होडीसारख्या शटलची. दिसायला देखणी, पण त्यांची लांब बॉबिन शोधायला निघालात की दिवस जातो. सिंगरच्याच 15 नंबरच्या, गोल बॉबिनच्या घडणीची मात्र जगभर नक्कल झाली. आपल्याकडे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने 1930च्या दशकात उषा सुरू केलं आणि पुढे लुधियानात सुट्या भागांचा मोठा धंदा उभा राहिला. त्यामुळे त्या घडणीची बॉबिन, केस, सुई आजही शिलाई-सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळते. शिवायलाच घ्यायचं असेल तर स्कॉटलंडच्या क्लाइडबँकचं पणजोबांच्या काळातलं मशीन सोडून साठ-सत्तर सालचं देशी काळं मशीन घ्या, असं मी सरळ सांगते. नाराज व्हायचं त्यांनी व्हा. जुनेपणाची नशा कुठवर जाते, तर 2009 साली सौदी अरेबियात अफवा उठली की जुन्या सिंगरच्या सुईत "लाल पारा" नावाचा मोलाचा पदार्थ असतो, आणि लोकांनी वाट्टेल त्या किमतीला मशीन घेतली. पारा-बिरा काही नव्हता.

तेलाचं अर्धं खरं आहे. बरीच जाम मशीन आधी रॉकेलने धुऊन मग मशीनचं तेल घातलं की सुटतात. मशीनचं तेल, खोबरेल नव्हे! घरात हाताशी म्हणून खोबरेल घालणाऱ्या आजी मी पाहिल्यात. आपल्या इंदूरच्या जानेवारीत ते बाटलीत गोठतं, तसंच मशीनच्या पोटातही गोठतं. पण झिजलेलं तेलाने भरून येत नाही. माझं पहिलं काळं मशीन मी नवा चकचकीत रंग आणि सोनेरी वेलबुट्टी बघून घेतलं. घरी आणल्यावर सुईचा दांडा बोटाने हलवला तर तो दाढ हलावी तसा हलला. जाड कापडात सुई वाकायची आणि शटलला घासायची. विकणाऱ्याने रंग मात्र मनापासून दिला होता.

मजकुरात एक गोष्ट यायला हवी होती, ती आलीच नाही. पायडल. पायाने चालवलेलं मशीन अगदी सावकाश चालतं तेव्हाही प्रत्येक टाक्यात जोर असतो. बाजूला बसवतात ती छोटी मोटर हळू चालवली की नुसती गुंगुं करते आणि जाड जोडावर थबकते. जाड कामासाठी काळं मशीन घेणार असाल तर पायडल काढून मोटर लावायची घाई करू नका.

गेल्या आठवड्यात भाचीबरोबर मालवा मिलकडे एक मशीन बघायला गेले. दुकानदाराने मलमलीच्या चिंधीवर सर्रकन शिवून दाखवलं आणि म्हणाला, "मॅडम, चमडा भी सिलेगी." मी पिशवीतून जीन्सची मोहरी काढून दिली. सपाट भागावर टाका सुरेख. जोडावर त्याने स्वतःच चाकाला हात लावला. मग मी फोम घातलेल्या कॅनव्हासची पट्टी दिली, वीतभर शिवल्यावर वरचा पदर मागे राहिला. सुईचा दांडा हलत नव्हता, शटलचं टोक गंजलेलं नव्हतं, म्हणून मी भाचीला म्हटलं, घे. ती ब्लाउज शिवते, पडदे शिवते, कॉलनीतल्या जीन्स आखूड करून देते.

"मावशी, आणि पिशव्या?"

"त्या माझ्याकडे आण."