पुणे–चिपी प्रवासाच्या १ स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. तुमचा आणि वहिनींचा सुट्टीचा पहिलाच दिवस चिडचिडीत गेला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

पण "अंतर आणि वेळ खोटी सांगून फसवणूक केली" असं तुम्ही लिहिलंय, त्यावर गप्प बसवत नाही. तुमचं म्हणणं, आम्ही पुणे ते चिपी (म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळ) २९० किलोमीटर सांगितलं आणि मॅप पावणेचारशेच्या आसपास दाखवतो. शिवाय ताशी ५०० च्या वेगाने ३५ मिनिटांत व्हायला हवं ते विमान सव्वा तासाने पोचलं.

साहेब, २९० हे हवेतलं सरळ अंतर. व्हॉट्सॲपवर आम्ही तसंच कळवलं होतं: "हवाई अंतर अंदाजे २९० किमी, विमानाचा सव्वा तास धरा." तुम्ही लावलेल्या स्क्रीनशॉटमध्येही 'हवाई' ठळक दिसतंय. मॅपवरचा आकडा कोल्हापूरवरून घाट उतरून येणाऱ्या गाडीचा. विमानाला फोंडा घाट लागत नाही.

आणि ३५ मिनिटं आम्ही कधी म्हणालो? तो भागाकार तुमचा. एटीआर हे पंख्याचं विमान. ५०० च्या आसपासचा वेग त्याला वर चढून स्थिरावल्यावर मिळतो, चढता-उतरताना तेवढा नसतो. वेळापत्रकातला वेळ तर विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि चिपीत जागेवर उभं राहिलं की संपतो. त्यात पुण्याचं लोहगाव विमानतळ म्हणजे हवाई दलाचा तळ. सुखोई उडत असतील तर प्रवासी विमानाने थांबायचंच. तिथे मालवणातला ट्रॅव्हलवाला काय करणार?

"घरापासून हॉटेलपर्यंत सहा तास" असंही लिहिलंत. विमानतळावरचं काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं म्हणून तुम्ही लवकर निघालात, तो वेळ त्यात धरलाय. चिपीला उतरल्यावर तुमच्याच सांगण्यावरून गाडी परुळे बाजाराकडे वळवली, तोही धरलाय. सुरमई तळून येईपर्यंत आमचा ड्रायव्हर उन्हात गाडीपाशी उभा होता. त्याच्या वेटिंगचा एक रुपया लावला नाही, ते मात्र रिव्ह्यूत कुठे दिसलं नाही.

राहिलं टॅक्सीचं भाडं. "विमानातून तारकर्ली समोर दिसते, तरी एवढे पैसे?" दिसते खरी, सरळ रेषेत पाच-सहा किलोमीटरच असेल. पण मध्ये कर्लीची खाडी आहे आणि गाडीला पूल गाठायला वळसा घालावा लागतो. बुकिंगच्या वेळी वहिनींना हे फोनवर सांगितलं होतं, त्या "बरं" म्हणाल्या होत्या.

यापुढे मेसेजमध्ये हवाई अंतर, रस्त्याचं अंतर आणि दारापासून दारापर्यंतचा वेळ वेगवेगळा लिहायचं बघतो. मुलाला सांगितलंय, सीझनच्या गडबडीतून जमलं की करेल.

आमचा धंदा दिवाळी ते मे एवढाच, पावसात गाड्या दारात उभ्या असतात. माणसं रिव्ह्यू वाचूनच फोन करतात. स्टार एकच ठेवायचा असेल तर ठेवा, तुमचा हक्क आहे. 'फसवणूक' हा शब्द तेवढा काढा, ही हात जोडून विनंती. आणि टॅक्सीची पावती हवी होती ना, ती काल मेलवर पाठवली आहे. स्पॅममध्ये बघा.