कान शाबूत आहेत, मग बिघडले काय?

आज सकाळी अंबाझरीला फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर मी नौदलाच्या सोनारचा (पाण्यात आवाज सोडून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रणेचा) देवमाशांवर काय परिणाम होतो, याविषयीचा एक लेख टाकला. लगेच हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली आणि एका भाऊंनी लिहिले, "काय जी ताई, इथं नाग नदीत मासा उरला नाही अन् तुम्ही देवमाशाचं घेऊन बसल्या!" विनोद चांगला होता, मलाही हसू आले. राग आला तो त्याखालच्या प्रश्नाचा: "आवाजानं त्याचं काय बिघडते? कान तर फुटत नाहीत ना?" (देवमासा हा मासा नव्हे, हे मुलांना शिकवण्यात माझी अर्धी नोकरी गेली, तो मुद्दा आज सोडून देते.)

हा प्रश्न मी पूर्वी ऐकलेला आहे. महालातल्या आमच्या जुन्या घरी आई होती तेव्हाची गोष्ट. लग्नसराईत एक वरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बराच वेळ थांबली, आणि डीजेचा दणका असा होता की मांडणीवरची भांडी थरथरत होती. आई जेवत होती. तिने हातातला वरणभाताचा घास ताटात परत ठेवला, उठली आणि मागच्या न्हाणीघरात जाऊन दाराला कडी लावून बसली. त्या रात्री ती पुन्हा पानावर आली नाही. मी बाहेर जाऊन सांगितले तेव्हा वरातीतल्या एका सद्गृहस्थांनी मला हेच विचारले होते, की कान फुटले का म्हातारीचे. नव्हते फुटले. नंतर डॉक्टरांनी तपासले, कान उत्तम होते. पण त्यानंतर कुठे लांबवर ताशा वाजला तरी ती ताटावरून उठायची.

देवमाशांचे नेमके हेच होते, आणि ते ठाऊक नसलेली माणसे कानाचा पडदा शोधत बसतात. पाणबुडी शोधण्यासाठी युद्धनौका पाण्यात आवाजाचे जबरदस्त ठोके सोडते आणि त्यांचा प्रतिध्वनी ऐकते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो आणि फार लांबपर्यंत टिकतो. या ठोक्यांचा सर्वांत मोठा फटका बसतो तो चोचीच्या देवमाशांना. हे अतिशय बुजरे प्राणी आहेत. त्यांतला क्युव्हिएचा देवमासा २९९२ मीटर खोल गेल्याची आणि एका बुडीत ३ तास ४२ मिनिटे पाण्याखाली राहिल्याची नोंद आहे. तिथल्या मिट्ट काळोखात तो स्वतःच्या टिकटिकीचा प्रतिध्वनी ऐकून माकूळ शोधतो, म्हणजे त्याचे जेवण कानावर चालते. बहामाजवळ नौदलाने समुद्रतळाशी बसवलेल्या ध्वनिग्राहकांवरून दिसले, की सोनार सुरू होताच या प्राण्यांची टिकटिक बंद पडते, शिकार अर्धवट सोडून ते त्या भागातून निघून जातात आणि नौदलाचा सराव संपल्यावर परतायलाही त्यांना दोन-तीन दिवस लागतात. कानाला इजा व्हावी इतका आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नसतानाही हे घडते. आई न्हाणीघरात का गेली होती, हे त्या सद्गृहस्थांना समजले नाही. मला तेव्हाच समजले होते.

ज्यांना तरीही नुकसान डोळ्यांना दिसल्याशिवाय पटत नाही, त्यांच्यासाठी तेही आहे. मे १९९६ मध्ये ग्रीसच्या किनाऱ्यावर डझनभर क्युव्हिएचे देवमासे येऊन पडले, तेव्हा शेजारच्या समुद्रात नाटोच्या सोनारची चाचणी चालू होती. मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर १७ प्राणी किनाऱ्याला लागले. त्यांत बहुतेक चोचीचे होते आणि अमेरिकन नौदलाला पुढच्या वर्षी स्वतःच्याच अहवालात आपल्या सोनारकडे बोट दाखवावे लागले. सप्टेंबर २००२ मध्ये कॅनरी बेटांजवळ सराव सुरू झाल्यावर साधारण चार तासांतच देवमासे किनाऱ्यावर येऊ लागले, एकूण १४. त्यांच्या शवविच्छेदनात रक्तवाहिन्यांत आणि अवयवांत वायूचे बुडबुडे आढळले. पाणबुड्या माणसांना घाईने वर आल्यावर जो विकार होतो, तोच या जन्मजात पाणबुड्यांना झाल्यासारखा होता. घाबरून त्यांनी आपली बुडण्याची आणि वर येण्याची रीत मोडली, असा अभ्यासकांचा तर्क आहे, आणि मला तो पूर्ण पटतो. भीतीने जीव जातो, हो. त्याला कान फुटावे लागत नाहीत.

गटावर आणखी एकाने "सोनारचे २३५ डेसिबल म्हणजे विमानापेक्षाही जास्त" असे माझ्या बाजूने लिहिले. आभार, पण तेही बरोबर नाही. पाण्यातले आणि हवेतले डेसिबल एकाच मापाने मोजत नाहीत, पाण्यातल्या आकड्यातून साधारण ६२ वजा केल्याशिवाय त्यांची तुलना करता येत नाही. आपली बाजू खरी असताना आकडा फुगवण्याची काही गरज नाही.

मी वरचे सगळे तावातावाने लिहिले खरे, पण मला सर्वांत जास्त लागते ते मेलेल्या देवमाशांचे नव्हे, तर न मेलेल्यांचे. दक्षिण कॅलिफोर्नियाजवळ निळ्या देवमाशांच्या अंगावर नोंदयंत्रे चिकटवून, सोनारसारखा आवाज सोडून त्यांचे वागणे तपासले गेले. खोल पाण्यात खाणाऱ्या काहींनी क्रिलचे (कोळंबीसारख्या बारीक जीवांचे) थवे समोर असताना तोंड मिटले आणि तेथून निघून गेले. (पृष्ठभागाजवळ खाणारे बहुतेक ढिम्म राहिले, हे मान्य करते.) असा प्राणी किनाऱ्यावर येत नाही, त्याचे छायाचित्र निघत नाही, त्याच्या अंगावर जखम नसते. आईचेही वजन उतरत गेले तेव्हा शेजारी म्हणत, वय झाले आता. प्रत्येक वेळी अर्धे राहिलेले ताट कुणी मोजले?

आता देशाच्या संरक्षणाचे काय, असे विचारणारे येतीलच. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली, तिचे कॅप्टन मुल्ला नौकेसोबत गेले. तेव्हा पाणबुडी शोधायलाच नको असे कुणी शहाणे माणूस म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही सोनारच्या सरावावरच्या खटल्यात २००८ मध्ये कौल नौदलाच्याच बाजूने दिला. ठीक आहे. परंतु युद्ध वेगळे आणि सराव वेगळा, आणि सराव कुठे करायचा हे माणसाच्या हातात असते.

राहिला प्रश्न नागपूरकरांना या उठाठेवी कशाला, हा. नागपूरहून सिवनीकडे जाताना पेंचच्या जंगलात महामार्गाखालून वाघांसाठी वाट ठेवली आहे, आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीत तर गाड्यांचा आवाज आणि दिव्यांचा झोत अडवायला रस्त्याच्या कडेने भिंती उभ्या केल्या आहेत. त्या भिंतींचे फोटो याच गटावर किती अभिमानाने फिरले होते! वाघाला आवाजाचा त्रास होतो हे पटायला आपल्याला त्याचे कान तपासावे लागले नाहीत. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिल्लू आले, तेव्हाही हीच मंडळी हळहळली होती. त्या पिल्लाचा सोनारशी संबंध मी जोडत नाही, उगाच कुणी तसे पुढे पाठवू नये. माझे म्हणणे एवढेच, की हळहळायला समुद्रकाठी राहावे लागत नाही.

उपाय अवघड नाही. स्पेनने २००४ मध्ये कॅनरी बेटांभोवती सोनारच्या वापरावर बंदी घातली आणि त्यानंतरच्या वर्षांत तेथे चोचीचे देवमासे पूर्वीसारखे घोळक्याने किनाऱ्यावर येण्याचे थांबले. डेकवर दुर्बीण घेऊन माणूस उभा करतो, देवमासा दिसला की सोनार बंद करतो, हे उत्तर मात्र मला कुणी देऊ नये. जो प्राणी तास-तासभर खाली राहून काही मिनिटांसाठी वर येतो, तो रात्री किंवा खवळलेल्या पाण्यात कुणाला दिसणार? आधी ध्वनिग्राहक टाकून ऐकावे, आणि जिथे तळ एकदम खोल जातो, जिथे त्यांचे खाणे असते, अशा जागा सरावाच्या नकाशातून आधीच वगळाव्यात. आपल्या नौदलानेही अशा जागांची यादी करून जाहीर करावी, अशी माझी मागणी आहे.