सोमवार आला की काचा आल्याच

परत सायकल पंक्चर. या महिन्यात तिसऱ्यांदा, आणि तिन्ही वेळा सोमवारीच, कारण रविवारी रात्री नदीकाठी बसून पितात आणि उठताना बाटल्या तिथंच आपटून फोडतात, का फोडतात देव जाणे. आमच्या गोव्यातलं डिचोली, मये करत चोडण, मग फेरीबोटीनं रायबंदर, यासारखा सुंदर रूट मला तरी माहीत नाही, एका बाजूला शेतं, दुसऱ्या बाजूला खारफुटी, पुढं सलीम अली पक्षी अभयारण्य, सकाळी सहाला बगळे अगदी रस्त्यालगत उभे असतात. आणि मान वर करून बघायची सोय नाही! सगळं लक्ष खाली, काच कुठं चमकतेय का ते बघण्यात.

आज ट्यूब बदलली, हवा भरली, शंभर मीटरवर परत फुस्स. टायर काढून आतून बोट फिरवलं तर तांदळाच्या कणीएवढा हिरवा तुकडा रबरात रुतलेला, तोच नव्या ट्यूबला लागला. बोटही कापलं ते वेगळंच. माझं सोडा, पण त्याच बांधावरून लोक अनवाणी गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला जातात, गुरं जातात, त्यांच्या पायांचं काय?

पर्यटनस्थळी उघड्यावर प्यायलं, बाटल्या फोडल्या तर दंड, असा कायदा गोव्यात २०१९ मध्येच केलाय. मग आमच्या गावच्या नदीकाठाला कोणी वाली नाही का? अरे बाबांनो, बसा, प्या, पण रिकामी बाटली पिशवीत घालून घरी न्यायला किती जड होते रे?