खिडक्या हवाबंद करा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर (घरात गॅस गिझर असेल तर आधी वाचा)

गेल्या रविवारी डोंबिवलीहून मावशीचा फोन, म्हणे अगं खिडक्यावाल्याला पाच हजार टोकन दिलं, बुधवारी येऊन सगळ्या खिडक्या बदलतोय, बाथरूमचीसुद्धा. बाथरूमची कशाला म्हटलं तर तिने तो मेसेज पाठवला जो एव्हाना आमच्या सोसायटीच्या आणि माहेरच्या अशा दोन्ही ग्रुपवर फिरून झालाय. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जुनी चौकट काढायची नाही, तिच्या आतच यूपीव्हीसीची (म्हणजे कडक प्लास्टिकची) स्लायडिंग बसते आणि खिडकी तेवढीच राहते, डबल काचेने (दोन काचा, मध्ये पोकळी) एसीचं बिल निम्मं होतं, बाहेरचा आवाज शून्य, यूपीव्हीसीला आयुष्यभर काही करावं लागत नाही, आग लागत नाही, बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या काढून फिक्स काच लावा म्हणजे डास बंद, आणि सरकारच्या नव्या नियमात आता हवाबंद खिडक्याच लागतात.

बाथरूमचं आधी घेते कारण बाकी सगळ्यात पैसे जातात, यात माणूस जातो.

मावशीचं बाथरूम चार बाय सहा. भिंतीवर गॅस गिझर, सिलिंडर गॅलरीत, पाइप भिंतीतून आत आलेला. वर पाच पट्ट्यांची छोटी खिडकी, त्यातल्या दोन पट्ट्या गंजून अर्ध्या उघड्याच अडकल्यात, आणि हे बिघडलंय म्हणूनच तिला ती खिडकी बदलायची होती. त्या दोन अडकलेल्या पट्ट्यांमधूनच आजवर हवा येत-जात होती गं! गॅस गिझर म्हणजे पेटलेली शेगडीच, तिला जळायला ऑक्सिजन लागतो आणि तो ती त्याच बाथरूममधून घेते जिथे आपण दार लावून श्वास घेत असतो, आणि जळून झालेला वायूही तिथेच सोडते. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट धरतो, त्यामुळे आधी नुसतं डोकं जड होतं, मळमळतं, माणसाला वाटतं वाफेने होतंय, आणि कडीपर्यंत हात जायच्या आत तो खाली पडतो. दर हिवाळ्यात पेपरात अशी बातमी असतेच, आणि बहुतेक वेळा बाथरूमचं दार-खिडकी बंद असते. आणि हा मेसेज सांगतो की ती फट बुजवा!

एक्झॉस्ट फॅन लावला की झालं, असं मावशीचा खिडक्यावाला म्हणाला. नाही झालं. फॅन हवा बाहेर फेकतो, पण तेवढी हवा आत यायला वाट नको का? दार घट्ट, काच फिक्स, मग फॅन काय ओढणार. शिवाय लाइट गेली की फॅन बंद, गिझर चालूच, कारण बऱ्याच गॅस गिझरची ठिणगी सेलवर पडते. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत हवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप यायला हवा. गिझरची ज्योत निळीऐवजी पिवळी दिसत असेल किंवा वर भिंतीला काजळी धरली असेल तर आजच वापरणं थांबवा. डासांसाठी पट्ट्यांच्या आतून जाळी लावा, साधी गोष्ट आहे.

आता तो सरकारी नियम. ज्याने लिहिलं त्याने तो उघडूनही बघितला नाही. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची 2018 साली आलेली इको निवास संहिता आहे, घरांसाठीची, आणि त्यात बरोबर उलटं लिहिलंय: खिडक्यांचा उघडू शकणारा भाग किमान किती हवा याचं कोष्टक आहे, आणि मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेसाठी तो कार्पेट एरियाच्या 16.66 टक्के, म्हणजे एक षष्ठांश. थंड प्रदेशाला 8.33 चालतो, आपल्याला त्याच्या दुप्पट, कारण इथे घाम वाळायला वारा लागतो. डबल काच सक्तीची नाही. ही संहिता नव्या इमारतींसाठी आहे, मावशीच्या जुन्या बिल्डिंगला ती लागू नाही हे खरं, पण नियमाचं नाव मेसेजनेच घेतलंय ना.

याच संहितेत हेही धरलंय की दारासारख्या बाहेर उघडणाऱ्या पाखांची खिडकी 90 टक्के उघडते आणि दोन शटरची स्लायडिंग फक्त 50 टक्के. आता ‘खिडकी तेवढीच राहते’चा हिशेब करू. मावशीच्या हॉलची खिडकी चार बाय चार, सागवानी, पाखांची. 16 चौरस फुटांपैकी 14 च्या वर उघडी. त्या चौकटीच्या आत नवी फ्रेम बसवली की चारी बाजूंनी दोन-दोन इंच गेले, राहिलं तीन फूट आठ इंच, म्हणजे साधारण साडेतेरा चौरस फूट, आणि स्लायडिंग म्हणून त्याच्या निम्मं, पावणेसात. वारा निम्म्याहून कमी झाला आणि वर त्याचेच पैसे मोजायचे! आधीच अॅल्युमिनियमची स्लायडिंग असेल, ग्रॅनाइटच्या पट्टीत स्क्रूने बसवलेली, तर ती काढून त्याच जागी नवी बसते, तोडफोड होत नाही, तिथे मेसेज बरोबर आहे. पण लाकडी चौकट खालून कुजलेली किंवा वाळवी लागलेली असेल तर तिच्यावर नवी बसवणं म्हणजे कीड झाकून ठेवणं, दोन पावसाळ्यांत पाणी आत येणार. स्क्रूड्रायव्हर घेऊन चौकटीचं खालचं लाकूड टोचून बघा, आत गेला तर चौकट काढायलाच हवी.

बिल निम्मं होणं हे तर थंड देशातून उचललेलं आहे. तिकडे बाहेर बर्फ, आत हीटर, पंचवीस-तीस अंशांचा फरक, तिथे डबल काच हवीच. आपल्याकडे बाहेर 34 आणि एसी 25 वर, फरक नऊ अंशांचा. दीड चौरस मीटरच्या खिडकीतून या फरकामुळे एकेरी काचेतून साधारण 78 वॉट उष्णता येते, डबलमधून 38 वॉट. वाचले 40 वॉट, आणि एक टनाचा एसी साडेतीन हजार वॉट उष्णता बाहेर काढतो. आपला खरा त्रास पश्चिमेचं ऊन, आणि साधी पारदर्शक डबल काच ते ऊन थोडंसंच अडवते. त्याला लो-ई (उष्णता परतवणारा पातळ थर दिलेली) किंवा सोलर कंट्रोल काच लागते, नाहीतर बाहेरून छज्जा किंवा चिक, जी जास्त स्वस्त पडते.

आवाजाचं अर्धं खरं आहे, ते मान्य करते. मावशीच्या बेडरूमखाली रिक्षा स्टँड आहे, तिथे चांगल्या खिडकीने फरक पडेलच. पण शून्य नाही, आणि स्लायडिंगने तर नाहीच, तिच्या शटरला नुसती केसाळ पट्टी असते. रबराच्या गॅस्केटवर दाबून बंद होणारी पाखांची खिडकी आणि लॅमिनेटेड काच (मध्ये फिल्म घालून चिकटवलेल्या दोन काचा) घ्या, आणि तीही फक्त बेडरूमला.

यूपीव्हीसीला वाळवी नाही, खाऱ्या हवेत ते गंजत नाही, हे बरोबर. पण फ्रेमच्या आतल्या लोखंडी पट्टीवर जस्ताचा थर नसेल तर ती गंजते, आणि स्वस्त प्रोफाइल, म्हणजे फ्रेमचं प्लास्टिक, उन्हाने पिवळं पडतं. आग लागत नाही हे धोकादायक वाक्य आहे, ते स्वतःहून धडधडत नाही एवढंच, आगीत वितळतं आणि धूर विषारी असतो.

आणि एक गोष्ट जी मेसेजमध्ये नाहीच. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाला छोटी आडवी भोकं असतात, पाणी निघून जायला. माझ्याच घरी कारागिराने ती सिलिकॉनने बुजवली होती, फट वाटली म्हणून, आणि पहिल्याच जुलैत ट्रॅक भरून पाणी कट्ट्यावरून गादीपर्यंत आलं. काम संपल्यावर ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून बघा, ते बाहेर पडलं तरच उरलेले पैसे द्या.

मावशीने बाथरूमची ऑर्डर रद्द केली, पट्ट्या तेवढ्या नव्या बसतील. हॉलची पाखं तशीच ठेवतोय, बेडरूमची एक खिडकी बदलतेय. शनिवारी प्लंबर येतोय, गिझर गॅलरीत जाईल. तोवर ती दार उघडं ठेवून बादली भरते, गिझर बंद करते आणि मगच दार लावून आंघोळ करते.