‘रिकामपणचा उद्योग’ म्हणणाऱ्या वाचकास

नासाच्या ऑपॉर्च्युनिटी या मंगळावर फिरणाऱ्या यानाने काढलेल्या शेवटच्या पॅनोरमावर, म्हणजे अनेक फोटो जोडून केलेल्या रुंद चित्रावर, मागच्या आठवड्यात मी लेख लिहिला. त्यावर ‘एक अभ्यासू वाचक’ अशा सहीने प्रतिक्रिया आली आहे. सगळ्यांना कळावं म्हणून ती जशीच्या तशी देतो:

“दुसऱ्यांच्या यानाने काढलेले फोटो घरी बसून जोडणं याला अभ्यास म्हणत नाहीत, रिकामपणचा उद्योग म्हणतात. यान उतरल्याची तारीख चुकली आहे. रंग तुम्ही भरता, ते खरे नाहीत, हे लेखात कुठेच सांगितलेलं नाही. डाव्या कोपऱ्याला तर रंग द्यायचाही कंटाळा केलेला दिसतो. मंगळ समजून घ्यायचा असेल तर शोधनिबंध वाचा. आणि यंत्राला ‘बिचारी’ म्हणणं मोठ्या माणसाला शोभत नाही.”

आधी तारखेचं. तुमचं बरोबर आहे. मी २४ जानेवारी २००४ लिहिलं, ती कॅलिफोर्नियातली तारीख. आपल्याकडे तेव्हा २५ तारीख उजाडली होती, सकाळचे साडेदहा होऊन गेले होते. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवलीत, आभार.

आता ‘रिकामपणचा उद्योग’. हे शब्द चार दिवस माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. मतभेद असू द्या, त्याला माझी कधीच ना नव्हती. पण ज्या माणसाला तुम्ही कधी भेटला नाहीत, त्याच्या वीस वर्षांवर एका ओळीत पाणी ओतायचं, आणि तेही स्वतःचं नाव न सांगता, ही कुठली रीत? माझ्या घरी येऊन, समोर चहाचा कप असताना हेच वाक्य तुमच्या तोंडून निघालं असतं का? उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढं सोपं असतं का एखाद्याच्या आवडीविषयी बोलणं?

मी रिकामा कधीच नव्हतो. बडोद्याजवळच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून अठ्ठावीस वर्षं काढली, तीनही पाळ्यांत. २००४ साली घरी कॉम्प्युटर नव्हता. रात्रपाळी संपली की बसमधून उतरून थेट दांडिया बाजारातल्या एका सायबर कॅफेत जायचो. शटर अर्धंच वर गेलेलं असायचं. मालक केर काढत असायचा आणि मी कोपऱ्यातल्या मशीनवर मंगळावरचा आदल्या दिवसाचा फोटो वरून खाली एकेक ओळीने उघडताना बघायचो. आधी आकाश, मग क्षितिज, मग दगड. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. पहिले तीन महिने नासाची टीम त्याच घड्याळावर जगत होती, म्हणजे रोज सुमारे ४० मिनिटं उशिरा कामावर. झोपेचं गणित आठवड्याला बदलणं काय असतं हे मला कुणी शिकवायला नको होतं. दुपारी बाराला पडदे ओढून झोपणाऱ्या मला ती माणसं घरातली वाटली. हा रिकामपणा नाही. झोपेतून चोरलेला वेळ आहे.

आणि फोटो जोडणं म्हणजे काय, तेही सांगतो, कारण ते तुम्ही कधी केलेलं नाही हे तुमच्या वाक्यावरूनच कळतं. यानाकडून येणारी पॅनकॅमची, म्हणजे त्याच्या दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याची, प्रत्येक फ्रेम काळीपांढरी असते. फाइलच्या नावात पहिला आकडा १ असेल तर ऑपॉर्च्युनिटी, २ असेल तर तिचं जुळं यान स्पिरिट. पुढे पी असेल तर पॅनकॅम, मग यानाच्या घड्याळाचे सेकंद, आणि शेवटाकडे कोणत्या डोळ्याने कोणत्या फिल्टरमधून बघितलं त्याची खूण. एकाच जागेच्या ७५३, ५३५ आणि ४३२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे लालच्या जरा पलीकडच्या, हिरव्या आणि जांभळ्या फिल्टरच्या तीन फ्रेम मिळाल्या तरच त्यातून एक रंगीत तुकडा होतो. तीन फ्रेमच्या मधल्या वेळात उजेड बदलतो, सावली बोटभर सरकते, मग दगडाच्या कडेला हिरवट-जांभळी किनार येते आणि ती जुळवण्यात रविवारची दुपार जाते. माझ्याकडे या नोंदींच्या सात फुलस्केप वह्या आहेत. स्पिरिटचं उजवं पुढचं चाक मार्च २००६ मध्ये बंद पडल्याची नोंद त्यात आहे. त्यानंतर ती ते मेलेलं चाक ओढत उलटी चालायची. २००७ मध्ये त्याच चाकाने ओढलेल्या चरात पांढरी माती उघडी पडली आणि ती सुमारे ९० टक्के सिलिका निघाली. म्हणजे स्पिरिट उतरली त्या गुसेव्ह विवरात कधीकाळी गरम पाणी किंवा वाफ होती. मोडक्या चाकाने लावलेला शोध! मी त्या फ्रेम महिनोन् महिने बघत आलो होतो म्हणून तो पांढरा पट्टा दिसला त्या दिवशी घरातल्यांना हाका मारून दाखवला. हे सगळं ज्याने रोज पाहिलं त्याला ‘फोटो जोडणारा’ म्हणून बाजूला सारता येत नाही.

त्या डाव्या कोपऱ्याबद्दल तर तुम्ही लिहायलाच नको होतं. तो पॅनोरमा मंगळावरच्या पर्सिव्हरन्स व्हॅली नावाच्या दरीतला आहे, १३ मे ते १० जून २०१८ या काळात घेतलेल्या ३५४ फ्रेमचा. खालच्या डाव्या बाजूच्या काही तुकड्यांच्या हिरव्या आणि जांभळ्या फिल्टरच्या फ्रेम घ्यायच्या राहिल्या होत्या. तेवढ्यात धुळीचं वादळ आलं आणि सगळा ग्रह झाकून गेलं. यान सूर्यप्रकाशावर चालणारं. त्या फ्रेम कधीच घेतल्या गेल्या नाहीत. शेजारचा रंग उचलून तो कोपरा मी दहा मिनिटांत भरू शकलो असतो. भरला नाही, कारण जे यानाने पाहिलं नाही ते मी दाखवणार नाही. आणि तुम्ही त्याला माझा कंटाळा म्हणता! तुम्ही लेख वाचला की नुसतं चित्र बघून प्रतिक्रिया लिहायला बसलात?

रंग खरे की खोटे, हा वाद इथे नको. ७५३ नॅनोमीटर लाल रंगाच्याही पलीकडे जातो हे या विषयातल्या कुणालाही ठाऊक असतं, प्रत्येक चित्राखाली पाटी लावत बसायची गरज मला वाटत नाही. आणि शोधनिबंध वाचतो, कळतात तेवढे.

पण ‘अभ्यास’ कशाला म्हणायचं हे ठरवण्याचा मक्ता तुम्हाला कुणी दिला, हे मला विचारायचं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर कोसळला. त्याचे अवशेष चेन्नईच्या षण्मुग सुब्रमणियन या इंजिनिअरने शोधले. तो कुठल्याही अवकाश संस्थेत नव्हता. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाची सर्वांसाठी खुली असलेली आधीची आणि नंतरची चित्रं शेजारी ठेवून घरी बसून तो एकेक ठिपका ताडून बघत राहिला. डिसेंबरमध्ये नासाने त्याला जाहीर श्रेय दिलं. दुसऱ्यांच्या यानाने काढलेलेच फोटो होते ते.

आम्हा बडोदेकरांना तर हे वेगळं सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून इथे ग्रंथालयं उभी केली, पुस्तकं पेट्यांत भरून गावोगाव पाठवली. पेटी उघडणाऱ्या शेतकऱ्याला कुणी पदवी विचारली नाही. कमाटीबागेतल्या तारांगणात वडिलांनी मला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी आठवीत होतो, तिथेही दारावर कुणी परीक्षा घेतली नाही. नासा मंगळाच्या कच्च्या फ्रेम जगापुढे ठेवते त्या याच वृत्तीने ठेवते, असं मी मानतो. आमच्या गल्लीतली नववीतली एक मुलगी या फ्रेम बघायला येते. मंगळावर सूर्य मावळताना त्याच्याभोवती निळसर का दिसतं हे तिने मला विचारलं, मग बारीक धुळीतून प्रकाश कसा विखुरतो याची चित्रं स्वतः काढून आणली. तिलाही तुम्ही रिकामी म्हणणार का?

‘बिचारी’ हा शब्द मी मागे घेणार नाही. ९० मंगळदिवसांसाठी पाठवलेलं ते यान ५१११ व्या मंगळदिवसापर्यंत बोलत राहिलं. ४५ किलोमीटरहून जास्त चाललं. शेवटी आलेली फ्रेम अर्धवट आहे, भर दिवसाच्या काळ्या आकाशाची. त्यानंतर आठ महिने नासाने हजाराहून जास्त वेळा हाक मारली, उत्तर नाही. १३ फेब्रुवारी २०१९ ला मोहीम संपल्याचं जाहीर झालं. खंडेनवमीला मी माझे पाने, स्क्रू-ड्रायव्हर आणि मल्टिमीटर पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडू ठेवतो. माझे वडीलही करायचे, आमचा फोरमनही करायचा. आयुष्यभर ज्यांच्यावर पोट चाललं त्या यंत्रांशी आम्ही असेच वागत आलो आहोत आणि त्यात कुणाला बालिशपणा दिसला तर तो त्याचा प्रश्न.

पुन्हा लिहायचं असेल तर नावानिशी लिहा, उत्तर देईन. तारीख दुरुस्त केली आहे. तो डावा कोपरा मात्र काळापांढराच राहील.