नळ, मोटार आणि सिनोनिम

रात्रीचे पावणेतीन वाजलेले, नळाला दहा दिवसांनी पाणी आलेलं आणि मोटारीनं नेमकी हवा धरलेली. अशा टायमाला सातवीतली लेक हातात कागद घेऊन माझ्या डोक्यावर उभी राहून विचारती, "पप्पा, क्रायसिस आणि इमर्जन्सीत काय फरक असतो?"

सकाळी तिचा इंग्रजीचा पेपर होता. संकटाच्या वेळेचे वीस शब्द, त्यांचे सिनोनिम म्हणजे समानार्थी शब्द आणि वाक्यात उपयोग. इंग्लिश मीडियमला घालायचा हट्ट माझाच, त्यामुळं बोलायची काही सोय नव्हती. तिला टॉर्च धरायला लावला आणि तांब्यानं मोटारीत पाणी ओतत ओतत मी शिकवायला बसलो. (नळाला डायरेक्ट मोटार लावायची नसते हे मलाही माहितीय. गल्लीतल्या बाकीच्या तेवीस घरांनाही माहितीय.)

खरं सांगायचं तर आमच्या लातूर-नांदेडकडं ह्या वीसच्या वीस शब्दांना मिळून एकच शब्द आहे, टेन्शन. पोराचं लग्न जमंना टेन्शन, सोयाबीनचा भाव पडला टेन्शन, पाहुणे दारात आणि दूध नासलं तरी टेन्शन. गंमत म्हणजे हा शब्द काही परका नाही, लॅटिनमधल्या 'ताणणे' अशा अर्थाच्या धातूपासून तो आला आणि तो धातू अन् आपल्या संस्कृतातला 'तन्' एकाच खानदानातले, म्हणजे टेन्शन आणि ताण चुलतभाऊ. भावकीतलाच निघाला म्हणल्यावर तरास देणारच की.

क्रायसिसचं मी तिला सांगितलं, की हा मूळचा ग्रीक, निवाडा अशा अर्थाचा, जुने ग्रीक वैद्य आजार आता इकडं का तिकडं ठरवणाऱ्या घडीला असं म्हणायचे. आई ओसरीवर घागरी धरून बसली होती, ती तिथूनच म्हणली, "म्हंजी आजची रात निघाली पायजे म्हणायचे डाक्टर, तेच की." तेच. मी नेटवर अर्धा तास वाचलेला ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस चौथी शिकलेल्या आईनं एका वाक्यात निकालात काढला. पण मग हा शब्द घडीभराचा असला तर 2016 ला काय म्हणायचं, त्या एप्रिलमधे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, पहिल्या गाडीला 10 वाघिणी, 5 लाख लिटर, आणि सगळे पेपर क्रायसिस क्रायसिस लिहीत होते. माझी मावशी तेव्हा लातुरातच होती, भांडी घासलेल्या पाण्यानं फरशी पुसायची आणि तेच पुन्हा संडासला. तिला जाऊन सांगा ही घडीभराची गोष्ट आहे म्हणून.

इमर्जन्सी तर त्याच्या वरताण. लॅटिनमधे त्याच्या मुळाशी 'बुडालेलं वर येणं' आहे. पाण्यातनं वर येणं! मी समोरच्या मोटारीकडं बघितलं. आमची इमर्जन्सी पाणीच वर येत नाही ही होती. आईचं मत वेगळंच, "इमर्जन्सी इंदिराबाईची. 25 जूनला लागली, 75 साली, एकवीस महिने होती." तारखेसकट सांगितलं. माझा वाढदिवस मात्र तिला दरवर्षी विचारावा लागतो.

एवढ्यात मोटार टक टक टक करून थांबली, मग घर्रर्र घर्रर्र घर्रर्र, मग पुन्हा टक टक टक. लेक म्हणली, "पप्पा, एसओएस!" खरंच की, तीन बारके, तीन लांब, तीन बारके. 1906 ला बर्लिनच्या परिषदेत जहाजांसाठी मदत मागायचा हा इशारा ठरला, त्याचा लाँगफॉर्म काहीच नाही, वाजवायला सोपा म्हणून घेतला. विमानवाल्यांचा मेडे आहे, तो फ्रेंचमधल्या 'मला मदत करा'वरून, त्याचा मे महिन्याशी संबंध नाही असं पुस्तकात असतंय. आमच्याकडं आहे.

आणि मग आलं पिकल. इन अ पिकल म्हणजे अडचणीत सापडणे. खाली जाम, तेही अडचणच. स्ट्यू, सूप, हॉट वॉटर, सगळी संकटंच. इंग्रजांवर संकटं फक्त स्वयंपाकघरातच कोसळत होती काय कळंना. आईला सांगितलं की लोणचं म्हणजे संकट, तर ती गंभीर होऊन म्हणली, "मग काय चूक हाय? गेल्या साली बुरशी आली तवा मी दोन दिवस जेवले न्हाई."

डेडलाईनवर मला मोठं भाषण ठोकायचं होतं, कारण हा शब्द अमेरिकेतल्या यादवी युद्धातला, 1864 ला जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या तुरुंगात एक रेघ होती, ती ओलांडली की कैद्याला सरळ गोळी घालायचे. आमच्याकडं पीकविम्याच्या डेडलाईनला आदल्या रात्री सर्व्हरच मरतो आणि मग मुदतवाढ मिळती. पण बायको नळी घेऊन गेटातून वरडली, "अहो, शब्द सकाळी पाठ होतील, पाणी आत्ता चाललंय!"

शेवटचा राहिला डायलेमा. लेकीला म्हणलं, इकडं आड तिकडं विहीर. ती म्हणली, दोन्हीला पाणी असतंय का? आता ह्या वयात लेकरू असला प्रश्न विचारतंय. मग म्हणलं हे बघ, मोटार बंद केली तर आपल्या वाटणीचं शेजारी ओढतो, चालू ठेवली तर जळती, हा डायलेमा. तिनं लिहून घेतलं, आणि तेवढ्यात मोटारीनं पाणी धरलं.

मी कागद हातात घेऊन 'टाकी भरेपर्यंत पाठ घेतो' म्हणून गच्चीवर गेलो, कठड्याला टेकलो आणि टेकल्या टेकल्या झोपलो. उठवलं शेजारच्या मामांनी. ते खालून फक्त "ओ सर! टाकी!" एवढंच वरडत होते. टाकी वाहत होती, गच्चीवर घोटाभर पाणी आणि त्यात वीस शब्दांचा कागद.

सकाळी बायकोनं तो इस्त्रीखाली वाळवला. लेक दप्तर अडकवून रिक्षात बसता बसता म्हणली, "पप्पा, डायलेमाचं पुसलंय सगळं. दोन अर्थ होते, कोणता लिहू?"

म्हणलं, कोणताही लिही, तेच उत्तर आहे.